गावाकडे पैसे पाठवायला आणि आईला शिकवायला कोणते अ‍ॅप घ्यावे?

माणदेशी

नमस्कार.

मी नोकरीनिमित्त चिंचवडला राहतो आणि आई-बाबा आटपाडी तालुक्यात, आमच्या गावी असतात. आतापर्यंत मी दर महिन्याला माझ्या बँकेच्या संकेतस्थळावरून आईच्या खात्यात घरखर्चाची रक्कम टाकत आलो आणि ती बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन लागतील तेवढे पैसे काढून आणत आली. अलीकडे मात्र गावातली रीत बदलली आहे. किराणा दुकान, औषधाचे दुकान, पिठाची गिरणी अशा सगळ्या ठिकाणी स्कॅनर लागले आहेत आणि डाळिंबाच्या छाटणीला येणारे मजूरही रोख रकमेऐवजी "फोनवर टाका" असे म्हणू लागले आहेत. आईकडे आता साधा अँड्रॉइड फोन आहे आणि पैसे देण्याघेण्याचे हे काम आपल्याला स्वतःला जमावे, अशी तिचीही इच्छा आहे.

भीम, फोनपे, गुगल पे, पेटीएम आणि तिच्या बँकेचे स्वतःचे अ‍ॅप यांपैकी नेमके कोणते घ्यावे, हे मला ठरवता आलेले नाही. मी गुगल पे वापरतो. मग तिच्याकडेही तेच असले पाहिजे का? तिचे पैसे अ‍ॅपमध्ये राहतील की बँकेत? ती मराठी भरभर वाचते, पण इंग्रजी तिला येत नाही, आणि अ‍ॅप उघडताच कर्ज, सोने, विमा यांची जी गर्दी समोर येते तिच्यात भलत्याच ठिकाणी बोट पडेल ही तिची भीती मला रास्त वाटते.

बाबांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, तो बदलायची त्यांची तयारी नाही आणि त्यांचे खाते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत आहे. त्यांच्यासाठी काही मार्ग आहे का?

ज्यांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे शिकवले आहे, किंवा ज्यांना बँकेचे काम आतून ठाऊक आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त रोखपाल

माणदेशी, पैसे कुठे राहतात आणि दोघांकडे एकच अ‍ॅप लागते का, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण पुढची निवड त्यांवरच अवलंबून आहे.

तुम्ही नावे घेतलेल्या सर्व अ‍ॅपमधून यूपीआयने पैसे पाठवले की रक्कम एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात जाते. अ‍ॅपमध्ये ती थांबत नाही. यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच एनपीसीआय, या संस्थेने २०१६ साली सुरू केली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम हे अ‍ॅप आले. फोनपे, गुगल पे आणि पेटीएम ही त्याच व्यवस्थेला बँकांमार्फत जोडलेली खासगी अ‍ॅप आहेत. मनीऑर्डर चिंचवडच्या कचेरीतून केली की निगडीच्या, हे पाहून आटपाडीचा पोस्टमन पैसे देत नसे. तसेच हे आहे. तुम्ही गुगल पेवरून पाठवा, आईकडे भीम असो वा फोनपे, पैसे तिच्या बँकेतच जमा होतील. इतकेच काय, तिच्याकडे कोणतेही अ‍ॅप नसले तरी खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी टाकून तुम्हाला याच अ‍ॅपमधून तिच्या खात्यात रक्कम भरता येते.

पैसे अ‍ॅपमध्ये राहतात ही समजूत वॉलेटमुळे रुजली. वॉलेटमध्ये आधी पैसे भरून ठेवावे लागतात आणि ते त्या कंपनीकडे असतात. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या खात्यांत व वॉलेटमध्ये नव्याने पैसे भरणे बंद झाले, तेव्हा अनेकांना वॉलेट आणि यूपीआय यांतला फरक प्रथमच समजला. पेटीएम हे अ‍ॅप दुसऱ्या बँकांच्या साहाय्याने पुढेही यूपीआयसाठी चालू राहिले. ज्यांची खाती अन्य बँकांत होती त्यांचे पैसे त्यांच्याच बँकांत होते. आईच्या फोनवर वॉलेट उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी फार थोडे लोक लक्षात घेतात. पैसे जात नसतील तर लोक अ‍ॅप बदलून पाहतात. परंतु अडचण बँकेच्या यंत्रणेत असेल तर त्याच खात्याला जोडलेल्या दुसऱ्या अ‍ॅपचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून दोन अ‍ॅप ठेवण्यापेक्षा दोन वेगळ्या बँकांतली खाती एकाच अ‍ॅपला जोडणे हे तुमच्यासारख्या पाठवणाऱ्याला जास्त उपयोगी पडते.

आता निवड. आईसाठी मी भीम सुचवतो. ते मराठीत वापरता येते, पैसे पाठवणे, स्कॅन करणे आणि शिल्लक पाहणे ही कामे समोरच असतात आणि कर्ज-विम्याची गर्दी तुलनेने कमी असते. बँकेचे स्वतःचे अ‍ॅप मी तिला देणार नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून मुदत ठेव मोडता येते, खात्याची अन्य कामे करता येतात, आणि फोन भलत्याच्या हाती गेला तर धोका त्या प्रमाणात वाढतो. यूपीआयच्या अ‍ॅपमधून फक्त जोडलेल्या खात्यातली रक्कम हलते आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची मर्यादा साधारणपणे दिवसाला एक लाख रुपये असते. काही बँका ती आणखी कमी ठेवतात. त्याहूनही चांगले म्हणजे डाळिंबाचे पैसे आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते खाते जोडूच नये. घरखर्चासाठी वेगळे बचत खाते उघडावे, त्यात महिन्याची रक्कम तुम्ही टाकावी आणि तेवढेच अ‍ॅपला जोडावे. काही विपरीत घडले तरी नुकसान त्या महिन्याच्या रकमेपुरते राहते. सगळ्या अ‍ॅपची तुलना करून जो फायदा होणार नाही, तो या एका खात्याने होतो.

अ‍ॅप घेण्यापूर्वी आईच्या खात्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, हे पासबुक घेऊन शाखेत विचारावे. काउंटरवर बसत असताना मी हे सतत पाहिले आहे की, आईचे खाते उघडताना मुलाने स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. यूपीआयचे अ‍ॅप नोंदणीच्या वेळी त्याच फोनमधून एक एसएमएस पाठवते आणि तो क्रमांक बँकेतल्या क्रमांकाशी जुळला तरच खाते सापडते. तुमचे सिम चिंचवडला आणि आईचा फोन आटपाडीला असेल तर कोणतेही अ‍ॅप चालणार नाही. शाखेत अर्ज देऊन तिचा स्वतःचा क्रमांक लावून घ्यावा. पिन तयार करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीने पिन करता येतो, मात्र त्यासाठी आधारला आणि बँकेला एकच क्रमांक जोडलेला हवा. सिममध्ये रिचार्ज नसेल तर तो नोंदणीचा एसएमएस जात नाही आणि लोक अ‍ॅपला दोष देत बसतात. नवीन नोंदणीनंतर पहिल्या २४ तासांत पाच हजार रुपयांपर्यंतच पाठवता येतात, तेव्हा मजुरीच्या आदल्या दिवशी नोंदणी करू नये.

शुल्काविषयी विचारणारे पुष्कळ असतात म्हणून सांगतो: बँक खात्यातून बँक खात्यात यूपीआयने पैसे पाठवायला शुल्क नाही. काही अ‍ॅप मोबाइल रिचार्जवर वेगळी आकारणी करतात.

कृष्णाकाठ

रोखपालांनी वेगळ्या खात्याचे जे सांगितले ते सर्वांनी मनावर घ्यावे असे आहे. भीमच घ्यावे, याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

मी माझ्या सासूबाईंना आणि त्यांच्या दोन जावांना हे शिकवले. शिकवताना लक्षात आले की आपण शहरात बसून अ‍ॅपची तुलना करतो आणि गावात अडचण येते तेव्हा आपण तिथे नसतो. त्या वेळी मदतीला येते ती शेजारची सून, दुकानदार किंवा शाळकरी नातू. त्यांच्या हातात जे अ‍ॅप रोज असते त्याची बटणे त्यांना डोळे मिटून सांगता येतात. आमच्या गावात बहुतेकांकडे फोनपे आहे, म्हणून सासूबाईंना मी तेच दिले. फोनपे आणि गुगल पे या दोन्हींत भाषा मराठी करता येते. ती पहिल्याच दिवशी करून द्यावी. जाहिरातींच्या सूचना फोनच्या सेटिंगमधून बंद करता येतात, पण त्या करताना पैसे आल्या-गेल्याची सूचना आणि बँकेचा एसएमएस बंद होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. मदत घेण्याची एकच अट आम्ही घालून दिली आहे: सांगणाऱ्याने तोंडाने सांगायचे, फोन सासूबाईंच्याच हातात राहील आणि पिन टाकताना समोरच्याने मान वळवायची. नातवालाही यातून सूट नाही.

कोणतेही अ‍ॅप घ्या, पण आईला नाव वाचायला शिकवा. मी यासाठी सासूबाईंबरोबर किराणा दुकानात उभी राहिले होते. स्कॅन केल्यावर पडद्यावर एक नाव येते, मग रक्कम टाकायची असते आणि शेवटी पिन. बहुतेक लोक नाव न पाहता रकमेकडे जातात. आमच्या दुकानाच्या पाटीवर देवाचे नाव आहे आणि पडद्यावर मालकाच्या धाकट्या भावाचे नाव येते, कारण चालू खाते त्याच्या नावावर आहे. सासूबाई थबकल्या, त्यांनी दुकानदाराला विचारले, त्याने होकार दिला आणि मगच त्यांनी रक्कम टाकली. आता ते नाव त्यांना पाठ आहे, त्यामुळे कोणी त्या स्कॅनरवर दुसरा कागद चिकटवला तर पहिल्यांदा त्यांनाच कळेल. ३० जून २०२५ पासून एनपीसीआयच्या नियमानुसार पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे लागते. आपण आपल्या फोनमध्ये "छाटणीवाले मामा" असे काहीही लिहून ठेवलेले असो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. मजुराला प्रथमच पैसे देताना एक रुपया पाठवून त्याला मिळाला का ते विचारावे आणि मग उरलेली मजुरी त्याच नावावर पाठवावी. घाईच्या दिवशीही ही सवय सोडू नये.

पैसे घेताना याच्या उलट शिकवावे लागते. व्यापारी आपल्या फोनवरची "यशस्वी" अशी हिरवी खूण दाखवतो आणि माल उचलतो. ती खूण बनावट अ‍ॅपवरही दाखवता येते. आईने त्याच्या फोनकडे न पाहता आपल्या फोनवर बँकेची शिल्लक पाहावी. शिल्लक पाहायला एका अ‍ॅपमध्ये दिवसाला ५० वेळांची मर्यादा ऑगस्ट २०२५ पासून आली आहे. घरगुती वापराला ती पुरून उरते.

छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइटची सोय आहे. त्यात जास्तीत जास्त पाच हजार रुपये बाजूला ठेवता येतात आणि एका वेळी एक हजारापर्यंतची रक्कम पिनशिवाय देता येते. दळण, भाजी, एसटीचे तिकीट यांना ती बरी आहे, आणि पासबुकात ओळींची रांग लागत नाही, कारण बँकेत फक्त लाइटमध्ये भरलेल्या रकमेची नोंद होते. परंतु ज्या बाई महिन्याचा हिशेब पासबुकावरून लावतात त्यांना नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरते. सासूबाईंनी लाइट नको असे सांगितले आणि मला त्यांचे म्हणणे पटले. पिन टाकणे हा त्यांच्या दृष्टीने विचार करायला मिळणारा एक क्षण आहे आणि तो त्यांना हवा आहे.

रानवाट

बाबांच्या बटणांच्या फोनविषयी लिहितो, कारण आमच्या खोऱ्यात इंटरनेट अजूनही भरवशाचे नाही आणि हा प्रश्न मी जवळून पाहिला आहे.

त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला *९९# हा आहे. बँकेला जोडलेल्या क्रमांकावरून तो डायल केला की पडद्यावर यादी येते. त्यातून शिल्लक पाहता येते आणि एका वेळी पाच हजार रुपयांपर्यंत पाठवता येतात. इंटरनेट लागत नाही, पण यादी थोडा वेळच थांबते. बाबांना आकडे टाकायला उशीर झाला तर ती बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरा मार्ग मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे या सेवेचा आहे, ज्यात दूरध्वनी करून आवाजाच्या सूचनांप्रमाणे बटणे दाबत जायचे असते आणि मर्यादा दहा हजारांपर्यंत आहे. ज्यांना पडद्यावरची बारीक अक्षरे वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे जाते त्यांना हा दुसरा मार्ग मानवतो. दोन्हींसाठी त्यांची बँक यूपीआयमध्ये सहभागी असणे आवश्यक आहे.

यूपीआय सर्कल असाही एक प्रकार ऑगस्ट २०२४ मध्ये आला. त्यात तुम्ही तुमच्या खात्यावर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला खर्चाची मुभा देता. एका पद्धतीत तिला महिन्याला १५ हजार रुपयांपर्यंत आणि एका वेळी पाच हजारांपर्यंत स्वतः खर्च करता येतो. दुसऱ्या पद्धतीत तिने सुरू केलेला प्रत्येक व्यवहार तुम्ही तुमच्या फोनवर मंजूर करायचा असतो. हे बाबांच्या फोनवर चालणार नाही, कारण त्यासाठी त्यांच्याकडेही अ‍ॅप हवे. आईसाठी मात्र ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि पुष्कळ मुले ते सोयीचे म्हणून सुचवतात.

मी ते सुचवणार नाही. ज्या बाईचे स्वतःचे खाते आहे, जी वर्षानुवर्षे तालुक्याला जाऊन पैसे काढून घर चालवत आली आहे, तिने पाव किलो शेंगदाण्याचे पैसे देताना चिंचवडच्या मुलाच्या मंजुरीची वाट पाहावी, हे मला योग्य वाटत नाही. मुलगा कारखान्यात किंवा बैठकीत असेल तर ती दुकानात ताटकळत उभी राहील. जिथे आजारपणामुळे किंवा विस्मरणामुळे खाते सांभाळणे खरोखरच अवघड झाले आहे, तिथे सर्कलचा उपयोग निश्चित आहे. तुमच्या आईच्या बाबतीत तुमचे वर्णन वाचून तसे दिसत नाही.

अबुधाबीकर

विषय जुळतो म्हणून थोडक्यात भर घालतो. कुटुंबातले कोणी आखातात असेल तर भारतातले सिम चालू ठेवण्याची गरज प्रत्येक वेळी राहिलेली नाही. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया यांसह दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवरून एनआरई किंवा एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे भारतातले बँक खाते) यूपीआयला जोडण्याची परवानगी २०२३ साली देण्यात आली. आपली बँक आणि आपले अ‍ॅप ही दोन्ही ती सोय देतात का, हे मात्र आधी तपासावे लागते. मी या मार्गाने गावच्या औषध दुकानदाराला थेट पैसे देतो, त्यामुळे आईला औषधासाठी वेगळे पैसे मागावे लागत नाहीत. पगाराची रक्कम दिरहममधून भारतात आणण्याचे काम वेगळे असून ते बँकेतून किंवा एक्स्चेंज हाउसमधूनच करावे लागते.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. शाखेत विचारणा केली तेव्हा रोखपालांनी लिहिले होते तेच निघाले. आईच्या खात्याला माझाच क्रमांक आहे. तो बदलण्याचा अर्ज आणि घरखर्चाचे नवे खाते ही दोन्ही कामे या रविवारला जोडून सुटी घेऊन करणार आहे. अ‍ॅपच्या बाबतीत कृष्णाकाठ यांचे म्हणणे मला जास्त पटले आहे, कारण शेजारच्या वहिनी आणि दुकानदार दोघेही फोनपे वापरतात.

दोन शंका उरल्या आहेत. पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर आईने नेमके कोणाकडे जायचे? आणि फसवणुकीबद्दल तिला इतक्या गोष्टी ऐकवल्या गेल्या आहेत की ती फोन हातात घ्यायला बिचकते. तिला थोडक्यात काय सांगावे?

दस्तऐवज

आधी अडकलेल्या पैशांचे सांगतो. "प्रलंबित" असे दिसत असेल तर घाईने तीच रक्कम पुन्हा पाठवू नये, नाहीतर दोन्ही व्यवहार पूर्ण होऊन मजुरी दुप्पट जाते. व्यवहार फसला आणि आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा व्हायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी ही मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची आहे. तक्रार प्रथम अ‍ॅपमध्येच, त्या व्यवहारावर बोट ठेवून, नोंदवावी. तिथे बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसतो, तो वहीत उतरवून ठेवावा, कारण शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न त्याच क्रमांकाचा असतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. म्हणून अ‍ॅप निवडताना मी एक गोष्ट आवर्जून पाहतो: जुना व्यवहार उघडून तक्रार नोंदवायचे बटण मराठीत आणि सहज सापडते का? आईच्या फोनवर तुम्ही स्वतः ते एकदा शोधून पाहावे आणि मग तिच्याकडून शोधून घ्यावे.

चुकीच्या माणसाला पाठवलेले पैसे हा मात्र निराळा प्रकार आहे. व्यवहार तंत्राच्या दृष्टीने बरोबर झालेला असल्यामुळे बँक समोरच्याच्या संमतीशिवाय ती रक्कम ओढून परत आणू शकत नाही. बँक त्याच्या बँकेमार्फत विनंती करते आणि तो माणूस तयार झाला तरच पैसे मिळतात. कृष्णाकाठ यांनी नाव वाचण्यावर दिलेला भर किती योग्य आहे, ते यावरून ध्यानात यावे.

फसवणुकीबद्दल आईला भीतीच्या गोष्टी सांगण्याऐवजी एकच वाक्य पक्के शिकवावे: पिन हा पैसे देण्यासाठी किंवा आपली शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. "तुमच्या खात्यात अनुदान जमा करायचे आहे, हा स्कॅनर उघडा आणि पिन टाका" असे कोणी म्हणाले की तिथेच फोन ठेवायचा, समोरचा बँकेचा साहेब असो वा पोलिसाचे नाव सांगणारा. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची जी सोय होती, तिचा अशा फसवणुकीसाठी गैरवापर होत असल्यामुळे एनपीसीआयने ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली. त्यामुळे धोक्याची एक मोठी वाट बुजली आहे.

उरलेला मोठा धोका अ‍ॅपच्या बाहेरून येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, गाडीचे चलन किंवा शेतकरी योजनेची यादी अशा नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती उघडून बसवली की फोनमधले एसएमएस आणि ओटीपी दुसऱ्याला वाचता येऊ लागतात. नाव ओळखीचे असते, पाठवणाराही गावातलाच असतो, कारण त्याचा फोन आधीच हाती गेलेला असतो. आईला सांगावे की पत्रिका चित्राच्या रूपात आली तर पाहायची. "इन्स्टॉल करा" असे विचारणारी पत्रिका नसते. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप बसवण्याची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर या दोन्हींसाठी बंद करून द्यावी. तसेच आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे कोणतेही अ‍ॅप तिच्या फोनवर असू नये, तुमच्या मदतीसाठीसुद्धा नको. एकदा त्याची सवय झाली की तशीच विनंती परक्याने केली तरी ती वावगी वाटत नाही.

फसवणुकीत पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा आणि मग बँकेला कळवायचे. चोरलेली रक्कम काही वेळातच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. तक्रार लवकर पोहोचली तर ती वाटेत गोठवता येते, उशिरा पोहोचली तर खाते रिकामे झालेले असते. हा क्रमांक, शाखेचा क्रमांक आणि तुमचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरात भिंतीवर लावावा, कारण फोनच हरवला असेल तर फोनमध्ये साठवलेले क्रमांक उपयोगी पडत नाहीत.

निवृत्त रोखपाल

माणदेशी, सुटी घेऊन जातच आहात तर बाबांचेही काम त्याच फेरीत उरकावे. सर्व जिल्हा मध्यवर्ती बँका यूपीआयमध्ये सारख्याच सहभागी आहेत, असे गृहीत धरू नका. काही बँकांच्या खात्यात यूपीआयने पैसे येतात आणि जातातही. काहींच्या बाबतीत मर्यादा आहेत. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर सहभागी बँकांची यादी असते, तीत बाबांच्या बँकेचे नाव शोधा आणि नाव सापडले तरी शाखेत जाऊन *९९# व १२३पे त्यांच्या खात्यावर चालेल का, हे विचारून घ्या. बाबांचे पैसे गावच्या पतसंस्थेत असतील तर तिथे हा प्रश्नच येत नाही. पतसंस्था ही बँक नसल्यामुळे तिचे खाते यूपीआयला जोडता येत नाही.

क्रमांक बदलण्याच्या अर्जासोबत आईला पासबुक, आधार आणि पॅन असल्यास पॅन घेऊन स्वतः यावे लागेल. तुमच्या सहीने ते काम होणार नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. क्रमांक यंत्रणेत चढायला काही वेळ लागतो; शाखेतून बाहेर पडताच नोंदणी करायला बसू नका, आधी बँकेचा एसएमएस आईच्या फोनवर येऊ द्या. तोपर्यंत तुमच्या नेहमीच्या पद्धतीने तिच्या खात्यात पैसे टाकत राहायला काहीच हरकत नाही.